जुलैत पाचदा

आमच्या ताश्कंदच्या संस्थेत मूर्खांची टंचाई कधीच नव्हती. तेवीस वर्षं मी ते मोजत आले. सगळ्यात वर संचालक, दोमला हमदामोव्ह. दोमला म्हणजे गुरुजी. या माणसाने कुणाला शेवटचं काय शिकवलं ते अल्लालाच ठाऊक. मिशीला कलप, कोटावर तीन बिल्ले, आणि तोंडात सदानकदा 'हरित रसायनशास्त्र'. पाहुणा आला की त्याला दुसऱ्या मजल्यावर आमच्या प्रयोगशाळेत आणायचं, बाटली उचलायची आणि म्हणायचं, "हे मीठ आहे, पण पातळ!" पुढचं त्यांना येत नसे, म्हणून पुढचं मी सांगायची.

पुढचं काही कठीण नाही. साधं मीठ वितळवायला भट्टी लागते. आयनिक द्रव हेही मीठच, पण खोलीतल्या उबेतच ते मधासारखं वाहतं. कापूस पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळत नाही, यात विरघळतो. कापसाचा दोरा यात भिजवून थोडी ऊब दिली की प्रत्येक तंतूची वरची साल मऊ होते आणि शेजारचे तंतू एकमेकांना धरतात. मग पाण्याने धुवायचं, द्रव निघून जातो, मागे राहतो तो एकजीव, चकचकीत दोरा. ना डिंक, ना प्लास्टिक. फक्त साल मऊ व्हायला हवी, गाभा नाही. गाभाही विरघळला तर दोरा वाळल्या काडीसारखा मोडतो.

हा विषय ओयदिनचा होता. मार्गिलानची मुलगी, एकोणतीस वर्षांची, डोक्याला घट्ट रुमाल, बोलणं फरगाना खोऱ्यातलं, लांब हेल काढून. तिचा बाप उस्ता मामाजोन अद्रस कापडाला चमक देणारा कारागीर. अद्रसचा उभा धागा रेशमाचा, आडवा कापसाचा; त्याला अंड्याचा पांढरा बलक लावायचा आणि लाकडी मोगऱ्यांनी दिवसभर बडवायचं, मग ते झळकतं. आणि पहिल्या धुण्यात ती झळक उतरते. पोरीला न उतरणारी झळक हवी होती. त्यापायी तिने पाच वर्षं घातली, दोन स्थळं परत पाठवली आणि आईची बोलणी खाल्ली.

बारा जूनला आयोग येणार होता. अट साधी: आयोगासमोर ओढलेला दोरा अडीचशे ग्रॅमच्या आत तुटता कामा नये. तुटला तर विषय बंद, आणि विषयाबरोबर ओयदिनची जागाही बंद. हे सगळ्यांना माहीत होतं. झाडूवाल्या बाईलासुद्धा माहीत होतं. ती दुवा मागायची.

मार्चमध्ये दोमलांनी मला बोलावलं. "शरोफतखोन, जरा त्या पोरीवर लक्ष ठेवा. काम चांगलं आहे, पण कागद धड नाहीत. खेड्यातली आहे."

"पाच वर्षं तुमचं लक्ष होतं ना, दोमला?"

"माझं लक्ष सगळ्या देशाकडे असतं," म्हणाले. असं बोलताना या माणसाला हसूही येत नाही.

कागद पाहिले आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याच बाटलीतला द्रव, त्याच रिळावरचा दोरा. दुसऱ्या कुणी केला की शंभर-सव्वाशेला मोडायचा, ओयदिनने केला की तीनशे. लोक म्हणायचे, पोरीचा हातगुण आहे. हातगुण! दवाखान्यातल्या नर्सला हातगुण असतो, गाईची धार काढणाऱ्या बाईला असतो. रसायनशास्त्रात हातगुण म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय किंवा कुणालातरी काहीतरी कळत नाहीये. या पोरीला काहीतरी कळत नाहीये असंच मी ठरवून टाकलं.

दोन दिवस मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी सापडलं. तिने हवाबंद कोरड्या पेटीतून द्रवाची बाटली काढली, टेबलावर एक रुंद काचेचा वाडगा ठेवला, द्रव त्यात ओतला. थांबली. मग वाडग्यातून परत बाटलीत. पुन्हा वाडग्यात. थांबली. पुन्हा बाटलीत. असं तीनदा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे घराघरात चहा असाच करतात: किटलीतून प्याल्यात, प्याल्यातून किटलीत, तीनदा. 'काय्तर' म्हणतात त्याला, परतवणं. माझी आजीही करायची. पण माझी आजी प्रयोगशाळेत पगार घेत नव्हती.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

ती दचकली. "परतवतेय, आपा." आपा म्हणजे थोरली बहीण.

"परतवतेस? साखर पण घालतेस का? नान आणू का सोबत?"

मागच्या टेबलावरची दोघं खिदळली. ती लाल झाली, पण बाटली खाली ठेवली नाही. "आपा, त्याचं असं आहे, हवेतलं पाणी—"

"हवेतलं पाणी मला शिकवू नकोस! तू शाळेत पाटी गिरवत होतीस तेव्हापासून मी हा द्रव कोरडा करतेय. हा हवेतून पाणी पितो हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. पाणी आत शिरलं की कापूस विरघळायचा थांबतो. म्हणून आपण तो दोन दिवस निर्वातात तापवतो, म्हणून ती कोरडी पेटी घेतली, तिच्यासाठी मी मंत्रालयात चार वेळा हात जोडून उभी राहिले. आणि तू तो उघड्यावर आणून चहासारखा खेळवतेस!"

"पण आपा, दोरा—"

"ओयदिन, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं, एवढं तरी मार्गिलानमध्ये शिकवतात ना?"

तिने मान खाली घातली. "शिकवतात, आपा," म्हणाली, आणि वाडगा उचलून घासायला घेऊन गेली.

मी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं: 'गावंढळ सवय. पद्धतीचा भंग. यापुढे सर्व काम कोरड्या पेटीत.' खाली सही केली. लिहिताना बरं वाटलं होतं, ते का लपवू? आपली अक्कल लाल शाईत फार सुरेख दिसते.

एप्रिलपासून सगळं माझ्या शिस्तीत. कोरडी पेटी, कोरडा दोरा, कोरडे हातमोजे. पहिला दोरा एकशेदहाला मोडला. मी म्हटलं, हात बसायचाय. दुसरा एकशेवीस. मी म्हटलं, तुझं लक्ष नाही. मे उजाडला तरी तेच. तिचा 'हातगुण' गेला म्हणून लोक हळहळायला लागले, आणि मला, खरं सांगते, आतून समाधान वाटलं. इतके दिवस खोटे आकडे येत होते, आता खरे येतायत, असं मला वाटे. मी तापमान कमी केलं, वेळ कमी केला. कधी काहीच चिकटायचं नाही, कधी सगळं विरघळायचं, मधलं काही मिळेना. ओयदिन सांगितलेलं सगळं करायची, एक शब्द न बोलता. मला वाटायचं, फुगून बसलीय.

बारा जून. आयोगात पाच जण, पाचही जणांना पलावची घाई. खाली अंगणात कढई सकाळपासून चढलेली, त्याचा वास जिन्यातून वर येत होता. दोमलांनी अर्धा तास देश, कापूस, हरित भविष्य सगळं एकाच कढईत टाकून ढवळलं. बाटली उचलून "हे मीठ आहे, पण पातळ!" हेही झालं. मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "दोरा दाखवा."

ओयदिनने दोरा यंत्राला लावला. तिचे हात स्थिर होते. काटा चढला: ऐंशी, शंभर, एकशेवीस. टच्.

"दुसरा," अध्यक्ष म्हणाले.

दुसरा एकशेअठराला. तिसरा लावायलाही कुणी सांगितलं नाही.

"गेल्या वर्षीच्या अहवालात तीनशे लिहिलंय," अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तीनशे कुठून आले? शरोफत ताहिरोव्हना, तुम्ही काय म्हणता?"

नाव आणि वर वडलांचं नाव: परकी, सरकारी माणसं मला अशी हाक मारतात. मी उभी राहिले. सगळ्या खोलीत ओयदिन एकटीच माझ्याकडे पाहत होती. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. ती कसलीतरी वाट पाहत होती. मला तेव्हा ते कळलं नाही. मी म्हटलं, "आधीचे आकडे पद्धतीचा भंग करून मिळवलेले होते. त्यांवर विसंबता येणार नाही."

"ओयदिन, तुम्हाला काही बोलायचंय?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. "नाही," म्हणाली.

विषय बंद झाला. कागदावर शिक्का बसला आणि सगळे पलावला खाली गेले. दोमलांनी मांसाचा मोठा तुकडा अध्यक्षांच्या पुढ्यात सारला आणि मला कानात म्हणाले, "बरं झालं, वेळेत सुटलो." ओयदिन जेवायला आली नाही. तिने तिचं टेबल पुसलं, पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि चारच्या गाडीने मार्गिलानला गेली. मी तिला थांबवलं नाही. दोन घास जास्तच खाल्ले असतील.

जुलैत बंद विषयाचा शेवटचा अहवाल लिहायचं काम माझ्याच गळ्यात आलं. त्यासाठी शिल्लक द्रवातलं पाणी मोजून लिहावं लागतं. कपाटात मागे दोन बाटल्या राहिल्या होत्या, ओयदिनच्या अक्षरातल्या, फेब्रुवारीच्या. मोजल्या. माझ्या शिस्तीतल्या द्रवात पाणी जवळजवळ शून्य यायचं. हिच्या पहिल्या बाटलीत तीन टक्क्यांच्या थोडं वर. घाणेरडं काम, मी म्हटलं. दुसरी बाटली मोजली. तीन टक्क्यांच्या थोडं वर. बरोबर तितकंच.

निष्काळजी माणसाच्या दोन बाटल्यांत सारखा आकडा येत नाही. निष्काळजीपणात एकदा दोन येतात, एकदा सात.

आणि मग जे पोरीने सांगायला तोंड उघडलं होतं ते मला सगळंच्या सगळं दिसलं. कोरडा द्रव अधाशी असतो, सालीपाशी थांबत नाही, गाभ्यात शिरतो. थोडं पाणी पोटात असलं की त्याची भूक मरते, तो साल मऊ करतो आणि तिथेच थांबतो. तेवीस वर्षं मी त्याला उपाशी ठेवण्यात धन्यता मानली होती. मी कोरडी पेटी उघडली, बाटली काढली, तोच रुंद वाडगा शोधला. दार लावून घेतलं. कुणी पाहू नये असं वाटत होतं. ओतलं, थांबले, परतवलं. तीनदा. दोरा केला, धुतला, ताणून वाळवला. दुसऱ्या दिवशी यंत्राला लावला.

दोनशेसाठ.

मी एकटीच होते आणि मोठ्याने स्वतःला एक शिवी दिली, जी माझ्या बापाने ऐकली असती तर त्याने मला घरात घेतलं नसतं.

दोमलांना जाऊन सांगितलं. म्हटलं, चूक माझी, आयोगाला पत्र लिहिते, विषय पुन्हा उघडा. त्यांनी आधी दार लोटलं. "चूक कशाला म्हणता, शरोफतखोन? 'नवी दिशा' म्हणू. म्हणजे तुम्ही दिशा शोधलीत. आणि मार्गदर्शन माझं."

"दिशा त्या पोरीची आहे."

"पोरगी तर गेली!"

"मी घालवली म्हणून गेली."

"पत्र लिहिलंत तर तुमचं पद राहणार नाही," ते म्हणाले. कलप लावलेली मिशी थरथरत होती. या माणसाला मी तेवीस वर्षं तुच्छ मानलं, आणि आयोगासमोर आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो. मी पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, लाल शाईसकट. मग दोरा पाकिटात घातला आणि मार्गिलानची गाडी धरली.

उस्ता मामाजोनचं घर शोधावं लागत नाही. गल्लीच्या तोंडापासून मोगऱ्यांचा आवाज येतो. म्हाताऱ्याने मला पाहून काम थांबवलं, छातीवर हात ठेवून सलाम केला, अंगणात बिछायत घातली आणि एकही प्रश्न न विचारता आत जाऊन पुन्हा मोगऱ्या चालवू लागला. ओयदिन चहा घेऊन आली. हात कोपरापर्यंत अंड्याच्या बलकाने चिकट झालेले, तेच पुसत आली. तिने प्याला काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवला. मानाच्या पाहुण्याला आम्ही अर्धा प्याला देतो, म्हणजे पुन्हापुन्हा भरता येतो. भरलेला प्याला म्हणजे पी आणि ऊठ.

"थोडं बोलायचंय," मी म्हटलं आणि दोरा तिच्या हातात दिला.

तिने तो बोटांवर गुंडाळला, उजेडात धरला, नखाने वाकवून पाहिला. "किती?"

"दोनशेसाठ."

"कितीदा परतवलंत?"

"तीनदा. तुझ्यासारखंच."

"कधी केलात?"

"मागच्या आठवड्यात."

"जुलैत पाचदा लागतं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात हवा कोरडी. तीनदा फेब्रुवारी-मार्चला. मेमध्ये चारदा. मी वजन करून बघितलं होतं, प्रत्येक महिन्यात."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मला वाटत होतं, पोरीच्या हातून नकळत घडत होतं आणि त्याचा अर्थ मी लावला. गाडीत बसून मी मनातल्या मनात तिला समजावून सांगायची वाक्यंसुद्धा जुळवली होती, सोपी सोपी, खेड्यातल्या माणसाला कळतील अशी.

"मग थेंबाने पाणी का नाही घातलंस? मोजून?"

"घातलं की. पहिल्या वर्षी. एवढ्या दाट द्रवात थेंब एका जागी बसतो, दोरा डागाळतो. ढवळलं तर बुडबुडे धरतं. हवेतून घेतलं की सगळीकडे सारखं घेतं." तिने दोरा परत दिला. "तीन-चार पद्धती करून पाहिल्या. शेवटी घरातलीच बरी निघाली."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला, सवयीने. "मला नाही, निदान आयोगाला! त्यांनी तोंडावर विचारलं होतं तुला!"

आत मोगऱ्या थांबल्या. म्हातारा ऐकत असणार.

"तुम्ही नुकत्याच बोलला होतात," ओयदिन म्हणाली. "मी बोलले असते तर परक्यांसमोर तुम्ही खोट्या पडला असतात. आपाला परक्यांसमोर खोटं पाडायचं नसतं. मला वाटलं, तुम्ही स्वतःच काहीतरी म्हणाल. मी वाट पाहिली."

मी प्याला उचलला. तो एवढा भरलेला होता की हात हलला आणि चहा माझ्या मांडीवर सांडला. भाजलं. तिने फडकं पुढे केलं, पण जागची उठली नाही.

"मी पत्र पाठवलंय," मी म्हटलं. "सगळं लिहिलंय. विषय उघडतील, त्यांना उघडावाच लागेल. तू परत ये."

"दोरा तुटला असता तर आला असतात का तुम्ही इथे?"

खोटं बोलायला सोपं होतं. "नाही," मी म्हटलं.

तिने कोपराला चिकटलेला बलक पुसला. मग म्हणाली, "सप्टेंबरात येईन. पाच वर्षं माझी आहेत, मी ती का सोडू? पण एक आहे. तुम्हाला आपा म्हणते म्हणून माझं तोंड बंद होतं. आता आपा म्हणणार नाही. म्हणजे बोलता येईल."

"म्हणजे काय म्हणशील?"

"आयोगाचे लोक म्हणतात तेच."

मी हसायचा प्रयत्न केला. मला मूल नाही. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक पोरीने मला आपा म्हटलं, आणि मी त्यातल्या निम्म्यांना रडवलं, तरी त्या आपाच म्हणत राहिल्या. मला वाटायचं ते माझं आहे, पगारासारखं.

विषय उघडला. माझं पद गेलं, खोली राहिली. दोमला आता माझ्याशी जिन्यातसुद्धा बोलत नाहीत, ही त्यातली एकच चांगली गोष्ट.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मी दोरा उबेला लावला होता. खोलीत सहा जण होते, दोन नवीन विद्यार्थिनीही होत्या. ओयदिन माझ्या टेबलापाशी थांबली, तापमानाचा आकडा वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी अदबीने म्हणाली, "शरोफत ताहिरोव्हना, तुमचं चुकलंय. पाच अंश जास्त आहे."

चुकलं होतं. मी बटण फिरवलं.